बाकी किधर गया?

बाई, शेवटच्या आजारपणात तुम्ही जे एक वाक्य रोज म्हणायचात, त्याचा अर्थ मला या मंगळवारी कळला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की छावणी भागातल्या तुमच्या घराच्या जागी आता मोठी इमारत उभी आहे आणि खाली मोबाइलचं दुकान आहे. तरी हे आधी तुम्हालाच सांगायला पाहिजे असं वाटलं. दुसरं सांगणार कुणाला? जिला सांगितलं असतं ती बायको माझ्याआधी गेली. मुलगा पुण्याला असतो. त्याला फोनवर काहीही सांगायला घेतलं की तो म्हणतो, "बाबा, तुम्ही एकटे राहू नका, इकडं या," आणि मूळ गोष्ट तिथंच राहते. म्हणून आज रविवारचा औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीत येऊन बसलोय. पेशंट कुणी नाही. खालच्या गल्लीत रिक्षावाले भांडतायत, तेवढीच सोबत.

तुम्ही या गावात आलात तेव्हा मी सरकारी दवाखान्यात शिपाई होतो. मनाच्या आजारांचा विभाग म्हणजे मागच्या अंगाला एक लांबट खोली, बाहेर व्हरांड्यात बाक, आणि बाकावर पेशंटचं अख्खं घरदार. तुम्ही थेट दक्षिणेच्या टोकाहून आलेल्या. मराठी शून्य. हिंदी पुस्तकातून शिकलेली, तिच्यात बाई-पुरुष असा भेदच नव्हता. आणि समोर येणार कोण, तर पैठण, गंगापूर, कन्नडकडची माणसं. कुणी नुसतं मराठी बोलणारं, कुणी दखनी, एखादा जुना म्हातारा निजामाच्या शाळेतलं उर्दू झाडणारा. तुमचे पहिले दिवस नुसते एकमेकांकडं बघण्यात गेले. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं, की त्याला घ्या, त्याचे कान चांगले आहेत.

कान चांगले होते, हे खरं. आमच्या घरात मेंढरं. बाप शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत गावोगाव फिरायचा, आणि कोणतं कोकरू कुठल्या ओहळात अडकलंय ते नुसत्या ओरडण्यावरून कळायला लागायचं, नाहीतर त्याच्या काठीचा प्रसाद. पुढं मेंढरं सोडून मी गुलमंडीवर कापडाच्या दुकानात लागलो. तिथं त्याच कानांना दुसरं वळण लागलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "हे काय फडकं दावता व्हय?" आणि मी आत मालकाला ओरडून सांगायचो, "जरा भारीतलं काढा म्हणतात!" मालक चिडायचा नाही, गिऱ्हाईक उठायचं नाही. दोघांच्या मधे उभं राहून दोघांचं बोलणं गोड करायचं, ह्याच्या जोरावर मी त्या दुकानात टिकलो. तुमच्या खोलीत आलो तो हाच हुन्नर घेऊन.

पहिली पेशंट मला अजून दिसते. हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू नीट, पण चप्पल एकाच पायात. चांगल्या बागायतदाराच्या घरची सून. नवरा आणि दीर बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि पुढं एसटीनं घेऊन आलेत. ती आत येते, तुम्ही उठून खुर्ची ओढता, टेबलाच्या पलीकडं नाही तर बाजूला, आणि मला म्हणता, "दरवाज़ा बंद किया?" मी दार लावायला जातो तर दीर दारात पाय घालतो. "आमाला भायेर काढून दार लावता? आमची बाईमाणूस हाय ती. काय चाललंय काय हितं?" तुम्ही माझ्याकडं बघता. मी सांगतो, "वो बोलते हैं, ज़रूर लगाइए." तुम्ही एकदा दिराच्या तोंडाकडं बघता, एकदा माझ्या. "चेहरा तो 'ज़रूर लगाइए' वाला नहीं है," तुम्ही म्हणता. पण दार तुम्ही लावायला लावलंतच. मला दाराला पाठ लावून बसवलंत आणि दिराला म्हणालात की बाहेर खिडकीपाशी उभं राहा, दिसेल सगळं, ऐकू काही येणार नाही. तो कुरकुरत गेला. आमच्या मुलखात बाईमाणसाला आत घेऊन दार लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नव्हतं. कळल्यावरही तुम्ही बदलला नाहीत, एवढंच की खिडकीच्या काचेवर पडदा कधी लावला नाहीत.

मग ती बोलायला लागली. "इहिरीत चंद्र पडला, त्याला मीठ लावलं. मीठ दिराच्या खिशात. खिशात रेडिओ हाय, रेडिओला माझं नाव ठावं. नाव धुवून वाळत घातलं तर सासूनं घडी घातली, घडी कपाटात, कपाटाला पाय फुटलं, पाय लई दुखत्यात, पोटात बी दुखतंय." असं बराच वेळ. मी ऐकतोय आणि माझा जीव तिच्यासाठी शरमून गेलाय. बाईमाणूस, चांगल्या घरची, परक्या मुलखातल्या डॉक्टरीणबाईंपुढं काय बरळते आहे. तिची अब्रू राखायची म्हणून मी त्यातलं धड तेवढं उचललं आणि म्हणालो, "मॅडम, इनका पेट दुखता है और सास तकलीफ देती है."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "औरत इतना लंबा बोला. आप इतना छोटा बोला. बाकी किधर गया?"

"बाकी ऐसेच है मॅडम. कुछ मतलब नहीं उसका."

"मतलब मेरा काम है. आपका काम कान. टूटा हुआ बोला तो टूटा हुआ दो. आप जोड़ के देगा तो मैं क्या देखूँ?"

मला राग आला होता, बाई. म्हटलं, घ्या. विहीर, चंद्र, मीठ, रेडिओ, कपाटाचे पाय, सगळं जसंच्या तसं, त्याच क्रमानं तुमच्यापुढं ओतलं. वाटलं, आता ही बाई हसेल नाहीतर कंटाळेल. तुमचा चेहरा मात्र बदलला. एखाद्या सुताराला लाकडातली चीर सापडावी तसं तुम्ही पुढं वाकलात. तिला विचारलंत, रेडिओ काय सांगतो? तुझं नाव त्याला कुणी सांगितलं? तू एकटी असतानाही बोलतो का? आणि प्रत्येक उत्तर तिनं दिलं, कारण तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यानं बाहेर मला आधीच बजावलं होतं, "डॉक्टर म्हन्ले की नाटकं करती, तर आजच माहेरला सोडून येतो हिला. कायमची." माझ्या गोड भाषांतरावर तुम्ही पोटाच्या गोळ्या दिल्या असत्या, सासूला चार शब्द सुनावले असते, आणि ती बाई त्या दिवशी माहेरी गेली असती. ती गेली नाही. आजार आहे, औषध आहे, असं तुम्ही नवऱ्याला सांगितलंत, मी ते जसंच्या तसं सांगितलं, आणि तो बाकावर खाली मान घालून बसला. थंडीत ती परत आली तेव्हा पदरात ओले हरभरे घेऊन आली होती. दोन्ही पायांत चप्पल. मला म्हणाली, "तवा काय काय बोलले ते सगळं ध्यानात हाय माझ्या. तुमी मधी हसला नाय. लई बरं वाटलं."

माणसाची तपासणी कशी करायची हे मी पुढं वर्गात शिकलो, परीक्षा दिल्या. पण शिकलो ते त्या खोलीतच. आधी बघायचं, मग ऐकायचं, विचारायचं सगळ्यात शेवटी. कपडे, नखं, चाल. डोळ्याला डोळा देतो का. आवाज खालचा की वरचा, बोलण्याला थांबा आहे की नाही. चेहरा आणि शब्द एकाच गावचे आहेत का. मग, एकटं असताना कुणाचं बोलणं ऐकू येतं का, हे असं विचारायचं की समोरच्याला वाटावं, येत असलं तरी सांगायला हरकत नाही. हे विचारताना तुम्ही आवाज खाली आणायचात, पाणी मागितल्यासारखा. आणि शेवटी, सगळं झाल्यावर, पेशंट उठायच्या बेतात असताना ते एक: "मैंने कुछ पूछने का रह गया क्या?" एवढं विचारून तुम्ही गप्प बसायचात. मला ती शांतता सोसायची नाही. मी खुर्चीत हलायचो, खाकरायचो. तुम्ही नुसता हात वर करायचात, की थांब. आणि थांबलं की निम्म्या वेळा खरी गोष्ट तेव्हाच बाहेर यायची, दाराच्या कडीला हात असताना.

मजाही कमी नव्हती. आठवतो तो रुमालवाला पाटील? नवे शिकाऊ डॉक्टर त्याला विचारतात, साल कोणतं, तर तो फसली साल सांगतो, निजामाच्या काळचं. महिना विचारला तर म्हणतो, आषाढ उतरला. राज्य कुणाचं विचारलं तर म्हणतो, "निजाम तर गेलं. म्होरलं कोण आलं ते आमाला कुणी दावलं नाय." शिकाऊ डॉक्टर लिहायला निघाला की ह्याला काळाचं भान नाही. तुम्ही त्याच्या हातातलं पेन काढून घेतलंत आणि मला म्हणालात, "आज बाज़ार का दिन कौन सा, पूछो." म्हातारा फटाफट आठवड्याचे सगळे बाजार सांगून मोकळा झाला. आता तर शहराचंच नाव बदललंय, बाई. हे कुठलं गाव, असं म्हाताऱ्या माणसाला विचारलं की दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतात, आणि कुणी त्याच्याही आधीचं नाव सांगितलं तर मी हसून पुढं जातो.

तुम्ही मला पहिल्या दिवसापासून "आप" म्हणालात. रागावतानाही. मला आयुष्यात कुणी आप म्हटलं नव्हतं. गुलमंडीचा मालक "अबे" म्हणायचा आणि बाप तर शिट्टी मारायचा. वर्षभरात तुम्ही मराठी बोलायला लागलात, तीही अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, ही भाषा आपण चुकीची बोलतोय की काय. "माझी डोकं दुखतो," म्हणायचात. मी एकदा दुरुस्त केलं तर म्हणालात, "डोकं माझा आहे, मी ठरवेल." मॅडम म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. "यहाँ टीचर को क्या बोलते?" म्हणून विचारलंत. मी म्हटलं, बाई. "तो बस."

रविवारी छावणीत तुमच्या घरी मी अभ्यासाला यायचो. स्वयंपाकघरात तुम्ही जमिनीवर बसून नारळ खवायचात, मी उंबऱ्याशी पुस्तक घेऊन. इंग्रजी वाचून दाखवायचं, चुकलं की खवणं थांबायचं. तेवढ्यावरून कळायचं. मग स्टीलच्या पेल्यात कॉफी, आणि तो भात, ज्यात आम्हाला तिखट सापडायचं नाही म्हणून मी खिशात हिरवी मिरची घेऊन यायचो. शाळेनंतरचं सगळं शिक्षण मी त्या उंबऱ्यावर बसून केलं. पदवी, मग समाजकार्याचा अभ्यास, मग पेशंटला बसून सल्ला देण्याइतका कागद. एकदा, परीक्षेचा निकाल लागल्याच्या आनंदात असेल, मी विचारलं, "बाई, तुमच्या गावी घरी कोण कोण आहे?" खवणं थांबलं. तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. "इंटरव्यू ले रहे हैं क्या?" आणि परत खवायला लागलात. मी पुन्हा विचारलं नाही. आता वाटतं, तुम्ही असता माझ्या जागी तर गप्प बसून थांबला असता. दार तरी कुठं लावलेलं होतं म्हणा. तुमच्या स्वयंपाकघराला दारच नव्हतं.

औरंगपुऱ्यात मी ही जिन्यावरची खोली घेतली, तेव्हा तुम्ही बघायला आलात. भिंती बघितल्या नाहीत, पाटी बघितली नाही. दार लावून बघितलंत. ते आपोआप परत उघडलं. तुम्ही तडक जिना उतरून गेलात. मला वाटलं, काहीतरी खटकलं. थोड्या वेळानं पितळेची जाड कडी आणि एक सुतार घेऊन परत आलात. ती कडी अजून आहे. पेशंट म्हणतात, सर, इतकी मोठी कडी कशाला, इथं काय खजिना आहे?

नोकरी संपल्यावरही तुम्ही गावी गेला नाहीत. का, ते मी विचारलं नाही. मग एके सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पडलेल्या सापडलात. अर्धांग. दवाखान्यात स्वतंत्र खोली रिकामी नव्हती, म्हणून बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट. शुद्धीवर आलात तेव्हा उजवा हात गेला होता, आणि मराठी गेली होती, हिंदी गेली होती, इंग्रजीसुद्धा. राहिली होती ती तुमच्या आईची भाषा, आम्ही कुणी कधी न ऐकलेली. वॉर्डातला डॉक्टर तुमच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं मला बोलावून विचारलं, "काका, बाई काय म्हणतायत?" उभ्या जन्मात पहिल्यांदा मी म्हणालो, "मला कळत नाही."

मी रोज यायचो. खाटेशेजारी स्टूल ओढायचो, बाजूला, समोर नाही. तुम्ही मला ओळखायचात, ह्यात शंका नाही, कारण मी बसलो की डावा हात हलायचा. आणि मग ते वाक्य. रोज तेच, रोज सगळ्यात आधी. माझ्या कानाला जसं आलं तसं लिहितो: "वादिल अडच्चो." शेवट वर चढायचा, म्हणजे प्रश्न आहे एवढं कळायचं. पहिल्या दिवशी मी गोंधळलो. तुम्ही परत म्हणालात. मग मी म्हणालो, "हो बाई." आणि तुम्ही बोलायला लागलात.

काय बोललात, बाई! इतकं सलग तुम्हाला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मधे हसायचात. मधे आवाज खाली यायचा, पाणी मागितल्यासारखा. एकदा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून रडलात, तो माणसाचं नाव असेल असं मला वाटलं. बोलणं तुटलेलं होतं की सलग, हे मला सांगता आलं नसतं. भाषाच माहीत नाही, तर चीर कुठं आणि लाकडाची रेघ कुठं? तुम्ही शिकवलं होतं तेवढं मी केलं. हललो नाही, खाकरलो नाही. थकून थांबलात की विचारायचो, "बाई, मी काही विचारायचं राहिलं का?" तुम्ही डोळे मिटायचात.

तिकडच्या एक सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या. डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम बोलावून आणलं. त्या पलंगाशी वाकल्या, तुमच्या भाषेत काही विचारलं, आणि तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. सिस्टर सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "मेरे सामने नहीं बोलेंगे." ते एक वाक्य मी त्यांना व्हरांड्यात म्हणून दाखवू शकलो असतो. तोंडपाठ होतं. पण खोलीत बोललेलं व्हरांड्यात न्यायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अर्थ नकोही होता, कारण मी स्वतःशी एक लावून टाकला होता. मला वाटायचं, तुम्ही विचारताय, "तू आहेस ना?" म्हणून तर मी हो म्हटल्यावर तुम्ही बोलायला लागता. बायकोला मी तसंच सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला. तुम्ही गेल्यावर तुमचा भाचा आला दोन दिवसांसाठी, त्यालाही विचारलं नाही. वर्षानुवर्षं हा अर्थ माझ्या घरात राहिला. बायको गेल्यावर तर त्याचाच आधार होता. कुणीतरी कधीतरी रोज विचारत होतं, तू आहेस ना.

मंगळवारी छावणीतून एक शाळेतली शिक्षिका तिच्या वडिलांना घेऊन आली. फौजेतून निवृत्त, ताठ माणूस, इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एकेक घर चुकलेली. मुलगी इथंच वाढलेली, आपल्यासारखं हिंदी बोलते. म्हातारबाबा आत आले, दोन पावलं टाकून थांबले, मागं वळून मुलीला म्हणाले, "वादिल अडच्चो?"

बाई, तेच वाक्य. शेवट तसाच वर चढणारा.

"क्या बोले वो?" मी विचारलं.

"कुछ नहीं सर, ऐसेच. भूलने की बीमारी है ना."

"बेटा, मतलब छोड़ो. जो बोले वोईच बोलो."

ती जरा दचकली. "दरवाज़ा बंद किया क्या, पूछ रहे. घर पे भी दिन भर येईच चलता."

मी उठून दार लावलं. कडी घातली. म्हातारबाबा खुर्चीत बसले आणि त्यांच्याशी मी नीट बोललो, काही वगळलं नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. पण जाताना मुलगी म्हणाली, "सर, आपकी तबियत ठीक है?"

तर एवढंच होतं ते. दार लावलं का. आयुष्यभर रोज, प्रत्येक पेशंटच्या आधी, तुम्ही मला हाच प्रश्न विचारलात, आणि भाषा बदलली तर मला तो ओळखू आला नाही. मी त्याला जोडून घेतलं, गोड करून घेतलं, पहिल्या दिवशीसारखं. आधी दार, मग बोलणं. तुमचा क्रम कुठं चुकला नव्हता. आणि मी काय सांगत होतो रोज? हो बाई. त्या वॉर्डाचं दार विटेनं अडकवून सताड उघडं ठेवलेलं असायचं, स्ट्रेचर जायला सोपं म्हणून. शेजारच्या आजीच्या सुना तिथंच डबे सोडून बसलेल्या. कुणी तुमच्याकडं बघत हसतंय, कुणी विचारतंय, "काय म्हन्ती हो म्हातारी?" आणि मी मान डोलवून सांगतोय, दार लावलंय. त्यावर विसंबून तुम्ही सगळं बोललात. जे मी उंबऱ्यावर बसून विचारलं होतं तेही त्यात असेल. नसेलही. मतलब माझं काम नाही. कान माझं काम होतं, आणि त्या कानात तुमच्या इतक्या दिवसांच्या बोलण्यातलं एक वाक्य उरलंय, तेही सुरुवातीचं. आता तुम्ही पेन खाली ठेवून विचारलंत, की बाकी किधर गया, तर ते एक वाक्य तेवढं पुढं करीन, बाई.

दुपार कलली. रिक्षावाले भांडण मिटवून चहाला गेले. हे पत्र पाकिटात घालून मी पत्ता कुणाचा लिहू, त्या मोबाइलवाल्याचा? त्यापेक्षा राहू दे इथंच, टेबलावर. उद्या सोमवारी पहिला पेशंट यायच्या आत फाडून टाकीन.

एक मात्र सांगतो. सकाळी इथं आलो तेव्हा लिहायचं काही ठरलं नव्हतं. दार लावलं, तुमची कडी घातली, आणि माझ्या खुर्चीत न बसता बाजूच्या बसलो, पेशंट बसतात त्या. बराच वेळ बसलो होतो. कुणी काही विचारलं नाही, तेव्हा उठून कागद घेतला.